आधी वायर, मग हवा, मग लाइन

भिलाईच्या कैंप-१ मध्ये नळ गळायला लागला तर प्लंबर येतो, पंखा कुरकुरला तर इलेक्ट्रिशियन येतो आणि नेट मंद झालं तर भाऊ येतात. पहिल्या दोघांना फोन करावे लागतात, ‘शाम तक पहुँचता हूँ’ हे उत्तर दोन-तीन संध्याकाळी ऐकावं लागतं. भाऊंना बोलवावंच लागत नाही. गल्लीतून जाताना कोणी स्वतःशी जरी पुटपुटलं, ‘यार, आज नेट बहुत स्लो है’, तरी वरच्या गॅलरीतून आवाज येतो, "टू पॉइंट फोरवर की फाइव्हवर?"

ज्याला हा प्रश्न विचारला जातो त्याची संध्याकाळ तिथंच संपते. उत्तर काहीही दिलं तरी भाऊ खाली येतात. अंगात बनियन, गळ्यात गमछा, हातात रेक्झिनची पिशवी. पिशवीत तार कापायचा आणि टोक बसवायचा पंच, प्लास्टिकच्या पारदर्शक टोकांची पुडी, वहिनींच्या बांगडीतून काढून घेतलेली सेफ्टी पिन आणि पिवळ्या रंगाची एक मीटरभर वायर. या वायरचं नाव ‘खात्रीची वायर’. ती कोणाला उसनी मिळत नाही. भाऊंच्या मते जगातली इतर प्रत्येक वायर निर्दोष सिद्ध होईपर्यंत दोषी असते.

पॉवर हाउसच्या बाजारात भाऊंचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. हा त्यांचा धंदा. राउटर हा त्यांचा व्यवहार नव्हे, त्यात ते कोणाकडून एक रुपया घेत नाहीत, आणि म्हणूनच त्यांना नाही म्हणता येत नाही. पैसे घेणाऱ्या माणसाला ‘झालं, आता या’ असं म्हणता येतं. फुकट आलेला माणूस त्याचं समाधान होईपर्यंत थांबतो.

भाऊंना समजायचं तर आधी वस्ती समजायला हवी. कैंप-१ मुळात तात्पुरता. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, पोलाद कारखाना उभारायला देशभरातून माणसं आली आणि त्यांना राहायला कैंप बसवले गेले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. कारखाना वाढला, सेक्टर आखले गेले, रुंद रस्ते आणि झाडांच्या रांगा आल्या, पण कैंप काही उठला नाही. तंबूची झोपडी झाली, झोपडीचं कौलारू घर झालं, कौलं जाऊन स्लॅब पडला, स्लॅबवर पत्र्याची खोली चढली. भाऊंचे वडील वर्ध्याकडून आले. त्यांच्या पिढीला हा परमुलूख वाटलाच नाही. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचीही राजधानी नागपूरच होती. भारतीय रेल्वेचे रूळ ज्या मिलमध्ये लाटले जातात तिथं ते फिटर होते आणि रिटायर होताना त्यांनी मुलाला घड्याळ दिलं नाही, सवय दिली. शिफ्ट संपली की लॉगबुक भरायचं. काय बिघडलं, किती वाजता बिघडलं, काय केलं, काय झालं. ‘लिहिलं नाही ते झालं नाही,’ हे त्यांचं ब्रीद.

भाऊंची पंचविशी कारखान्याच्या भरतीची वाट पाहण्यात गेली. भरती निघाली नाही, पण लॉगबुक राहिलं. आज त्यांच्या घरी राउटरचं रजिस्टर आहे. लाल कापडी पाठीचं, आखलेलं. ‘रात्री ११.४०. चॅनेल ६ वरून ११. सिग्नल उणे ६१. फरक नाही. ११.५२. चॅनेल ११ वरून १. थोडा फरक. ११.५५. लाइट गेली.’ एका पोलाद कारखान्याला जेवढी शिस्त लागते तेवढी सगळी या माणसाजवळ आहे, आणि ती वापरायला त्याच्याकडे विटेएवढा एक डबा आहे.

डबाही साधा राहू दिला नाही. कंपनीनं राउटरमध्ये जे सॉफ्टवेअर भरून दिलं होतं त्यात दोनच गोष्टी बदलता यायच्या, नाव आणि पासवर्ड. भाऊंना हा अपमान वाटला. ज्या यंत्राला पॅनेल नाही ते यंत्र कसलं? मग त्यांना ओपनडब्ल्यूआरटी नावाचं दुसरं सॉफ्टवेअर सापडलं. त्याची जन्मकथा ते प्रत्येक नव्या पेशंटला राउटर उघडण्यापूर्वी सांगतात आणि मधे उठू देत नाहीत. २००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीनं डब्ल्यूआरटी ५४ जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. लोकांनी उकलून पाहिलं तर आत लिनक्स! लिनक्सचा परवाना सांगतो की वापरा, बदला, पण बदललेलं सॉफ्टवेअर विकलंत तर त्याचा मूळ कोडही लोकांना द्या. बोंबाबोंब झाली, २००३ मध्ये कंपनीला कोड खुला करावा लागला आणि २००४ पासून त्याच्या पायावर ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. "म्हणजे समज," भाऊ तर्जनी वर करून सांगतात, "मिलच्या कंट्रोल रूमची किल्ली लोकांच्या हातात आली!" ऐकणाऱ्याला फक्त मुलीचा निकाल उघडायचा असतो.

या सॉफ्टवेअरनं भाऊंच्या घरात प्रवेश केला तोही वाजतगाजत. त्या काळी त्याच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला कॉकटेलचं नाव असे आणि आत शिरलं की काळ्या पडद्यावर त्या पेयाची कृती झळके. २०१५ ची आवृत्ती बसवली त्या रात्री वहिनी चहा घेऊन आल्या, पडद्याकडे वाकल्या आणि जिन, लिंबाचा रस, संत्र्याचा रस अशी यादी त्यांनी मोठ्यानं वाचली.

"हे नेट दुरुस्त करून राहिले का तुम्ही?"

"अगं, ते नाव आहे फक्त."

"नाव कुठं? प्रमाण लिहून आहे न बाप्पा. संत्रंही सोडलं नाही मेल्यांनी."

दुसऱ्या दिवशी आजींनी, म्हणजे भाऊंच्या आईंनी, राउटरला हळदकुंकू वाहिलं. ते बोट अजून त्याच्या कपाळावर आहे. भाऊ विज्ञाननिष्ठ असूनही ते पुसत नाहीत, कारण रजिस्टरमध्ये त्याच दिवशी सिग्नल दोन डीबीएमनं सुधारल्याची नोंद आहे.

डीबीएम हे भाऊंचं जीवनाचं माप आहे. वाय-फायचा सिग्नल उणे आकड्यांत मोजतात. उणे ५० म्हणजे ठणठणीत, उणे ७० म्हणजे ओढाताण, उणे ८० च्या खाली देवाचं नाव घ्यावं. आकडा तीननं खाली गेला की ताकद निम्मी होते. एवढं कळल्यावर माणसं मोजायला दुसरं काही लागत नाही. "आपला धाकटा साळा उणे पंच्याऐंशी आहे," भाऊ सांगतात. "दिसते सगळ्यांना, पण कनेक्ट होत नाही."

पाहुणे म्हणून गेले तरी त्यांची नजर आधी राउटर शोधते. पुतण्यासाठी दुर्गला मुलगी पाहायला गेले तेव्हा सगळे पोह्यांकडे पाहत होते, भाऊ टीव्हीच्या मागं. घरी आल्यावर मत विचारलं तर म्हणाले, "पोरगी चांगली आहे. माणसंही चांगली. पण राउटर टीव्हीमागं दडपून ठेवला आहे. विचार करा." लग्न झालं. मांडवपरतणीला भाऊ पिशवी घेऊन गेले आणि राउटर काढून बैठकीच्या भिंतीवर छातीभर उंचीवर ठोकून आले. व्याह्यांनी तो आहेर समजून घेतला.

भाऊंची तपासणीची पद्धत ठरलेली आहे आणि ती बरोबर आहे, हे त्यांच्या शत्रूंनाही मान्य करावं लागेल. आधी वायर, मग हवा, मग लाइन. सामान्य माणूस उलटा जातो. नेट अडकलं की आधी केबलवाल्याला शिव्या देतो. भाऊ म्हणतात, घरातल्या घरात मोजा. एका लॅपटॉपवरून दुसऱ्यापर्यंत, मधे फक्त आपला राउटर, असा वेग मोजायचा प्रोग्राम त्यांच्याकडे आहे. इथंच मंद असेल तर बाहेरच्या जगाचा काय दोष?

वायरच्या खात्यात त्यांचा आवडता आकडा आहे ९४. वेग तपासला आणि तो ९४ च्या आसपास येऊन खुंटीसारखा थांबला, की भाऊंचा चेहरा उजळतो. नेटच्या वायरमध्ये आठ तारा असतात. हजार एमबीपीएसच्या वेगाला आठही लागतात, शंभरला चार पुरतात. उरलेल्या चारांतली एक जरी आत तुटली तरी दोन्हीकडची यंत्रं आपापसांत बोलून गुपचूप शंभरवर तडजोड करतात. शंभरातून डेटाच्या पाकिटांचा खर्च वजा जाता हाती ९४ येतात. दिवा लागलेला, नेट चालू, तक्रारीला जागा नाही. कुठे उंदरानं कुरतडलेली, कुठे दाराच्या बिजागरीत चेंगरलेली, कुठे दिवाळीच्या माळेबरोबर खिळ्यानं ठोकलेली अशी ती तार भाऊ बोटांनी चाचपून शोधतात. सापडली की कापतात, नवं टोक बसवतात आणि कापलेला तुकडा घरमालकाच्या तळहातावर ठेवतात. ऑपरेशननंतर डॉक्टर खडा दाखवतात तसा.

मग हवा. गच्चीवर जाऊन भाऊ फोनवर आसपासची सगळी नेटवर्कं मोजतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. कैंप-१ मध्ये भिंतीला भिंत लागून घरं, आणि घराला किमान एक राउटर. पडद्यावर यादी उतरत जाते, ‘जय माता दी’, ‘मोर नेट’, ‘वाहेगुरू फर्स्ट फ्लोअर’, ‘गोविंदा गोविंदा’, ‘पासवर्ड माँगकर शर्मिंदा न करें’, ‘गण गण गणात ५ जी’. कारखाना उभारायला जो भारत इथं आला होता, तो आता तीन चॅनेलांत दाटीवाटीनं राहतो. एक जण बोलत असताना बाकीच्यांनी थांबायचं हा वाय-फायचा नियम आहे. एवढ्या मोठ्या जमावात तो काटेकोर पाळणारी कैंप-१ मध्ये दुसरी वस्तू नाही, म्हणून तर नेट मंद.

या गर्दीतून सुटायला भाऊंनी एकदा आपलं घर चॅनेल १३ वर नेलं. भारतात १३ पर्यंत मुभा आहे आणि तिकडे चिटपाखरू नव्हतं. वेग असा की भाऊ रात्री दोनला उठून पाहून येत. त्याच आठवड्यात थोरले मेहुणे न्यूजर्सीहून आले. अमेरिकेत चॅनेल ११ पर्यंतच वापरतात, त्यामुळे तिकडच्या कित्येक यंत्रांना १२ आणि १३ दिसतच नाहीत. मेहुण्यांच्या लॅपटॉपला सबंध कैंप दिसत होता, भाऊंचं घर सोडून. "भाऊजी, तुमच्याकडे वाय-फाय नाही का?" असं त्यांनी चारचौघांत विचारलं. वहिनी चार दिवस भाऊंशी फक्त ‘जेवायला या’ एवढंच बोलल्या.

मग पाच गिगाहर्ट्झ. तिथं जागा मोकळी, पण ५२ नंबरपासूनचे बरेच चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. तो चॅनेल धरला की राउटर आधी मिनिटभर कान देऊन बसतो, कुठं रडार चालू आहे का ते ऐकतो आणि मगच तोंड उघडतो.

"काय झालं? गेलं का नेट?" वहिनी आतून.

"थांब न. रडार ऐकून राहिला तो."

"विमानतळ तिकडं मानाला आहे, रायपूरच्याही पलीकडं. कैंप-१ मध्ये कोण विमान उतरवून राहिलं?"

भाऊंकडे याला उत्तर होतं, ते साठ सेकंदांत मावणारं नव्हतं.

हवेच्या खात्यातला सगळ्यात मोठा आरोपी मात्र लोखंड. भिलाई हे पोलादाचं गाव. इथं प्रत्येक घरात पोलादी कपाट, पत्र्याची धान्यकोठी, पत्र्याचा कूलर, वर पत्र्याचं छत आणि स्लॅबच्या पोटात सळ्यांची जाळी. रेडिओलहरी धातूवर आपटून परत येतात. एप्रिलमध्ये कूलर लागले की त्यातलं पाणी आणि ओल्या जाळ्या उरलासुरला सिग्नल पिऊन टाकतात. वडिलांनी जन्मभर पोलाद केलं आणि मुलगा जन्मभर त्या पोलादापलीकडे सिग्नल पोचवतो आहे. शेजारच्या बिहारी मास्तरांच्या घरी भाऊंनी मोजून दाखवलं की अडचण एकच, आंदणात आलेलं लोखंडी कपाट. चौघांनी ते सरकवलं. वेग अकरावरून चौसष्टवर गेला. भाऊंनी टाळी वाजवली. मास्तरांच्या न्हाणीघराचं दार तेव्हापासून अर्धंच उघडतं आणि मास्तर तिरके होऊन आंघोळीला जातात, पण चौसष्ट तर चौसष्ट.

आता तुम्ही म्हणाल, एवढा परोपकारी माणूस, मग गल्ली त्याला टरकते का? तर कारण असं की भाऊंना नेट चालू व्हावं असं फारसं वाटत नाही. त्यांना ते का बंद आहे हे कळायला हवं असतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ज्याच्या घरी भाऊ एकदा येऊन गेले त्याला समजतं.

उदाहरणार्थ, बंद करून पुन्हा चालू करणं. दहातले सात आजार यानं बरे होतात हे भाऊंनाही ठाऊक आहे. पण त्यांच्या लेखी हा गुन्हा आहे. राउटर आपल्या नोंदी चालू स्मृतीत ठेवतो. वीज तोडली की त्या पुसल्या जातात. "पुरावा नष्ट केला तुम्ही!" भाऊ कळवळून म्हणतात. म्हणून गल्लीनं एक गुप्त रिवाज पाडला आहे. भाऊंच्या जिन्यावर पावलं वाजली की कोणीतरी धावत जाऊन राउटरचं बटण बंद-चालू करतो. भाऊ पिशवी घेऊन दारात येतात तेव्हा नेट सुरळीत असतं. "चलत हे भैया, अब्बड़ बढ़िया चलत हे," घरातली छत्तीसगढ़ी म्हातारी हात जोडून सांगते. भाऊ उंबऱ्यावर उभे. खांदे पडलेले. मग हळूच विचारतात, "एकदा तरी पाहू का? परत बिघडेल बघा."

साधा बिघाड त्यांना अपमान वाटतो. पासवर्ड चुकला होता, प्लॅन संपला होता, प्लग ढिला होता असलं काही निघालं तर रजिस्टरमध्ये एक शब्द, ‘किरकोळ’. पण राउटर समूळ मेला, नवं सॉफ्टवेअर भरताना मधेच वीज गेली आणि एकच दिवा केविलवाणा लुकलुकतोय, अशी केस आली की भाऊ दुकान लवकर बंद करतात. सुपेल्याच्या रविवारच्या बाजारातून असले मेलेले राउटर ते स्वतःही उचलून आणतात. ती मुद्रा पाहण्यासारखी असते. लॅपटॉप मांडीवर, डाव्या हातातली सेफ्टी पिन रीसेटच्या भोकात, उजवा हात विजेच्या बटणावर, पायाच्या अंगठ्याखाली वायर, आणि घरात सगळ्यांना श्वाससुद्धा हळू घ्यायची ताकीद. बटण दाबून धरत वीज द्यायची, की काही राउटर त्या क्षणी जवळच्या संगणकाकडे ठराविक पत्त्यावर, ठराविक नावाची फाइल मागतात. ती मिळाली तर जगतात. फाइल सरकू लागली की भाऊंच्या डोळ्यांत पाणी येतं. जिवंत झालेल्या राउटरचं पुढं काय करायचं हे त्यांना सुचत नाही. कपाटावर असे चौदा अमर राउटर आहेत.

भाऊंच्या घरचं नेट कसं आहे, असा प्रश्न इथं येणारच. ते सांगतो.

आजी रोज संध्याकाळी अकोल्याच्या मुलीशी व्हिडिओवर बोलतात. नातू त्याच वेळी काहीतरी प्रचंड वर चढवत असे आणि आजींची लेक तोंड उघडून गोठून जाई. वेग शंभरचा, मग हे का? भाऊंनी मुळाशी जाऊन शोधलं. दोष वेगाचा नव्हता, रांगेचा होता. राउटरांत आणि मोडेमांत साठवणीची जागा इतकी ऐसपैस दिलेली असते की पाकिटं त्यात तुंबून राहतात. अमेरिकेतल्या जिम गेटिस यांनी २०१०-११ च्या सुमाराला हा रोग ओरडून जगाला दाखवला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग हलती ठेवायची युक्ती मांडली आणि डेव्ह टाट नावाच्या एका अवलियानं ती घरोघरच्या राउटरांत उतरावी म्हणून वर्षानुवर्षं जीव टाकला. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते वारले. त्या दिवशी भाऊ दुकानातून लवकर आले आणि गप्प बसून राहिले. वहिनींनी घाबरून विचारलं, "कोण गेलं?" भाऊ म्हणाले, "आईचा फोन ज्याच्यामुळं अडकत नाही, तो."

या इलाजात एक अट आहे. रांग केबलवाल्याच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागावी, म्हणून वेग मुद्दाम लाइनपेक्षा थोडा कमी बांधून ठेवायचा. भाऊंनी शंभरचा प्लॅन नव्वदवर बांधला.

"पैसे शंभराचे देऊन राहिलो न आपण?" वहिनी म्हणाल्या.

"दहा गेले, पण बाकीचे नव्वद सुखाचे झाले."

आजींची लेक गोठायची थांबली. घरात शांतता नांदू लागली, आणि शांतता भाऊंना मानवत नाही. पण त्यांच्या सुदैवानं वर्षभरात केबलवाल्याची योजना आली आणि वहिनींनी परस्पर तीनशेचा प्लॅन घेतला. वेग तपासला. नव्वद.

तो भाऊंच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. आधी वायर, आठही तारा शाबूत. खात्रीची वायर लावली, नव्वद. मग हवा. चॅनेल बदलले, चौदांपैकी तीन अमर राउटर उतरवून लावून पाहिले, कूलर अंगणात नेला, आजींना कपाटासकट हलवायचं ठरत होतं ते त्यांनी नाकारलं. मग लाइन. केबलवाल्याचा पोरगा आला, त्यानं चप्पलही न काढता उंबऱ्यात बसून आपला लॅपटॉप थेट जोडला आणि म्हणाला, "भैया, लाइन में तो दो सौ नब्बे आ रहा है." मग त्यानं मान वर करून हळदकुंकू लावलेल्या डब्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

भाऊंनी रजिस्टर काढलं. पानं उलटत मागं गेले. सापडलं, त्यांच्याच अक्षरात, ‘वेग ९० वर बांधला. आई खूश.’ दुसरा कोणी ओशाळला असता. भाऊंनी मांडीवर थाप मारली. "पाहा! लिहिलं होतं म्हणून सापडलं!"

गाठ सोडून तीनशेवर बांधली तर वेग दीडशेच्या पुढं सरकेना, कारण पाकिटागणिक रांग लावायचं काम राउटरचा सातशेवीस मेगाहर्ट्झचा जुना प्रोसेसर करतो आणि तो धापा टाकू लागला. रांगच काढून टाकली तर तीनशेजवळ येई, पण आजींची लेक पुन्हा गोठे. नवा, दणकट राउटर घ्यावा हा साधा मार्ग वहिनींनी सुचवला. भाऊंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी वेळापत्रक लिहिलं. संध्याकाळी सहा ते नऊ रांग, म्हणजे आजींचं सुख. एरवी वेग, म्हणजे वहिनींचे पैसे वसूल. रात्री अकराला चॅनेलची फेरतपासणी. पहाटे चारला रडार. प्रत्येक बदलाला नेट थोडा वेळ जाणार, ते धरूनच चाला.

घरच्यांनी धरलं. नातवाचा खेळ सहाला ऐन लढाईत तुटला तेव्हा त्यानं बोलून दाखवलं नाही, मोबाईलचा रोजचा दीड जीबीवाला पॅक भरला. वहिनींच्या मालिकेचा भाग पावणेनऊला सुरू होऊन नऊला अडकायचा. त्यांनीही पॅक भरला. वरच्या भाडेकरूनं भरला. शेवटी नातवानं आजींच्या फोनचं वाय-फाय बंद करून डेटा चालू करून दिला आणि तोंडावर बोट ठेवलं. आजींनी मान डोलावली. मुलगा आहे, त्याचा जीव रमतो, कशाला दुखवायचं?

परवा भाऊंनी मला हाक मारून वर नेलं. पडद्यावर वेगाच्या चाचणीचा निकाल होता. दोनशे शहाऐंशी. आलेख कसा, सपाट. एकही खड्डा नाही, एकही उंचवटा नाही. पुराव्यादाखल चित्र त्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं आणि तत्क्षणी खालून, आतून, वरून टपाटप अंगठे आले.

"काय केलं भाऊ?" मी विचारलं.

"काहीच नाही. सेटिंग मुरली आता." त्यांनी जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. यादीत एकच नाव होतं, भाऊंच्या लॅपटॉपचं. ते पडद्याकडे पाहत राहिले. कपाळावर आठी आली. आठीच्या पाठोपाठ, मला स्पष्ट दिसलं, चेहऱ्यावर तेज येऊ लागलं. त्यांनी पिशवी ओढली, रजिस्टर उघडलं, वेळ लिहिली आणि मला म्हणाले, "घरात पाच फोन आहेत. पाचही जोडून नाहीत आणि तक्रार कोणाचीच नाही. हा साधा फॉल्ट नाही बरं. बस तू, चहा टाकायला सांगतो."